सोबत धावले

धावण्याचा पांजीला मनापासून तिटकारा होता, आणि ही गोष्ट सोलो शहरात त्याच्याखेरीज फक्त एका माणसाला ठाऊक होती. बाकी सगळ्यांच्या लेखी तो रोज पहाटे उठून आठ-आठ किलोमीटर पळणारा शिस्तीचा मुलगा होता. घाम टिपणारे टी-शर्ट त्याच्याकडे होते, मनगटावर काळं घड्याळ होतं, आणि धावण्याचे बूट तर इतके स्वच्छ होते की ते बघूनही कुणाला शंका कशी येत नाही याचं नवल वाटावं.

पण शंका घ्यायला सवड होती कुणाला? त्या वर्षी सगळ्या जावा बेटाला धावण्याचं खूळ लागलं होतं. आदल्या वर्षी डोंगरावर तंबू ठोकून मन बरं करायचं खूळ होतं, त्याच्या आधी जुन्या बाजारातले परदेशी कोट भर उन्हात घालून हिंडायचं, आणि पुढच्या वर्षी पॅडल नावाच्या खेळाचं येणार अशी कुणकुण होती. तूर्तास धावणं. गल्लोगल्ली धावणाऱ्यांचे गट निघाले होते. गटात अर्धा तास धावायचं आणि दोन तास कॉफी पीत बसायचं, असा साधारण रिवाज. वळणावळणावर कॅमेरेवाले उभे असत आणि धावणाऱ्यांचे फोटो काढून त्यांनाच विकत. पांजी रविवारी फोटोवाल्याच्या अलीकडच्या कोपऱ्यापर्यंत स्कूटरने जाई, तोंडावर पाणी मारून घेई आणि फोटोपुरता धावे. फोटो झकास येत.

राहता राहिलं अ‍ॅप. धावण्याचं अ‍ॅप मोबाइलमध्ये चालू ठेवलं की तुम्ही कुठून कुठे गेलात, किती वेगात गेलात, सगळं नकाशासकट जगाला दिसतं. जो अ‍ॅपवर दिसला नाही तो धावलाच नाही, असा त्या वर्षीचा कायदा होता. त्याला पांजीने उत्तर शोधलं होतं, त्याचं नाव केलिक. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारे जोकी आपल्याकडे जुनेच, पण धावून देणारे जोकी हे नवीन पीक. केलिक कॉलेजात असताना जिल्ह्यातर्फे धावला होता, मग एका व्यायामशाळेत लागला, ती बुडाली, आणि आता तो लोकांचे मोबाइल कमरेच्या पट्ट्यात खोचून मानाहान स्टेडियमला फेऱ्या मारत होता. पहाटे तो पांजीच्या फाटकाला टांगलेली पिशवी उचलून नेई आणि ऊन वर यायच्या आत घामट मोबाइल परत टांगून जाई. पांजी तोवर दुसऱ्या कुशीवर वळलेला असे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर निकेनसाठी. निकेन सोलोचीच, पण नोकरी जकार्ताला. एका मित्राच्या लग्नात दोघांची ओळख झाली तेव्हा तिने पहिलाच प्रश्न विचारला होता, "तू धावतोस का?" आणि पांजी "हो" म्हणून गेला होता. त्या एका "हो"वर पुढचं सगळं उभं राहिलं. ती जकार्ताच्या धुरात धावायची, हा सोलोत झोपायचा, आणि अ‍ॅपवर दोघं एकमेकांना लाइकचे अंगठे द्यायचे. हल्लीच्या प्रेमात निम्मा भाग अंगठ्यांचाच असतो. पण पांजीचं बाकीचं निम्मं अगदी खरं होतं. तिच्याशिवाय आपलं काही खरं नाही, हे त्याला पक्कं कळलं होतं.

अडचण होती ती तिच्या वडिलांची. मार्सुदी हे जमीन-मोजणी कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. बायको वारल्यावर एकटेच राहत, पिंजऱ्यात घुमणारी कबुतरं पाळत आणि कमी बोलत. पांजी बातिक कापडाच्या एका दुकानासाठी आणि दोन कॅफेंसाठी व्हिडिओ बनवायचा. निकेनने हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं होतं, की म्हणजे तो कॉफीचे फोटो काढतो का. त्यानंतर वर्षभर लग्नाचा विषय निघाला की ते पाखरांना दाणे घालायला उठत. सोलोतला भला माणूस "नाही" म्हणत नाही, पण त्याच्या उठण्याची पद्धत असते.

आणि अशात एका सोमवारी सकाळी निकेनचा फोन आला. ती रडत होती आणि हसतही होती.

"अरे, मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली. "कधीपासून चाललंय हे तुमचं?"

पांजी अंथरुणातच होता. कशाबद्दल बोलणं चाललंय हे कळेपर्यंत "हूं" करत राहावं, हा शहाणपणा त्याच्याकडे होता. मग त्याने अ‍ॅप उघडलं. दोन माणसं एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच वेगाने धावली की अ‍ॅप आपल्या अकलेने त्यांची जोडी लावून टाकतं. तिथे लिहिलं होतं, "पांजी आणि मार्सुदी सोबत धावले." खाली नकाशा होता, आठ किलोमीटरचा, आणि त्याखाली निकेनने टाकलेलं लाल बदाम.

निकेन बोलतच होती. मागच्या वर्षी बापाकच्या, म्हणजे वडिलांच्या, हृदयात स्टेंटची रिंग बसवली, डॉक्टरांनी रोज चाला म्हणून बजावलं, म्हणून तिनेच वडिलांच्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि मोबाइलमध्ये अ‍ॅप घालून दिलं. जकार्तात बसून ती रोज सकाळी नकाशावरचा त्यांचा ठिपका बघायची. आधी ते चालायचे, मग हळूहळू धावायला लागले, आणि आता तर तिच्यापेक्षाही जलद धावतात. ऑफिसात ती सगळ्यांना दाखवते. आणि हे त्यांच्या मनात पांजीने भरवलंय हे तिला आज कळत होतं. शेवटी ती म्हणाली, "बापाकनी तुला सोबत घेतलं म्हणजे आता काही राहिलंच नाही. ईद झाली की मागणी घालायला ये तुझ्या आईला घेऊन."

फोन ठेवल्यावर पांजीने तो नकाशा पुन्हा उघडून पाहिला. त्याने मार्सुदींना धावताना सोडाच, भरभर चालतानाही कधी पाहिलं नव्हतं.

केलिकने फार आढेवेढे घेतले नाहीत. एका गिऱ्हाइकाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही हे धंद्याचं तत्त्व असल्याचं त्याने सांगितलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्यांचं काम त्याच्याकडे आठ-नऊ महिन्यांपासून होतं. त्यांच्यासाठी फक्त चालायचं ठरलं होतं, पण धंदा वाढला, तेवढा वेळ कुणाला आहे, म्हणून त्यांचा मोबाइल त्याने धावणाऱ्या मोबाइलांत टाकला. एरवी दोन मोबाइल तो मागेपुढे चालू करायचा. काल घाईत एकदम बटणं दाबली गेली.

"पण भाऊ, बिघडलं काय?" केलिक म्हणाला. "सासरेबुवा तुमच्यासोबत धावले की."

पांजीला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, पण ज्याच्या पायांवर आपलं लग्न उभं आहे त्याला मारायचं तरी कसं? तो संध्याकाळी भाजक्या शेंगदाण्यांचा पुडा घेऊन मार्सुदींच्या घरी गेला.

मार्सुदींनी त्याला ओसरीवर बसवलं, गरम, गोड, दाट चहा आणला, आणि दोघं उंच बांबूवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या कबुतराकडे बघत राहिले. सोलोत आल्या आल्या मुद्द्याचं बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या पानातला घास उचलणं. पाखराच्या घुमण्याबद्दल बोलणं झालं, चहाच्या पत्तीबद्दल झालं, महापालिकेने खोदून ठेवलेल्या रस्त्याबद्दल झालं. मग पांजी चाचपडत म्हणाला, की काल पहाटे हवा छान होती.

"हो ना," मार्सुदी म्हणाले. "गारवा होता."

"तुमचा वेग मात्र फार होता, बापाक."

"छे, छे. तू पुढे होतास म्हणून. मी आपला तुझ्या मागोमाग."

पाखरू घुमलं, थांबलं. मार्सुदींनी फाटकाकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "पोरा, आपण काल नेमके कुठून कुठे धावलो, ते तुला माहीत आहे का? निकेनने विचारलं तर पंचाईत नको."

पांजीच्या तोंडातला चहा बाहेर आला. त्यावर मार्सुदी हसले, आणि हसताना त्यांचा तो सरकारी चेहरा कुठल्या कुठे गेला. मग त्यांनी सांगितलं. आयुष्यभर मोजणीची साखळी घेऊन लोकांच्या शेतांतून तंगडतोड केली, आता बसायची वेळ आली तर डॉक्टर म्हणतो चाला. पहिल्या महिन्यात ते घरी बसले तर निकेन रोज फोनवर रडायची. शेजारच्या मुलाने केलिकचं नाव सांगितलं. तेव्हापासून ती रडत नाही. "पोर तिकडे एकटी असते," ते म्हणाले. "नकाशावर रेघ दिसली की तिचा दिवस बरा जातो. तेवढ्यासाठी केलं. यात मी काय चोरी केली?"

पांजीनेही तेवढ्यासाठीच केलं होतं. दोघांनी एकमेकांचं गुपित राखायचं ठरलं, तेही न बोलता, आणखी एकेक कप चहा घेऊन. निघताना मार्सुदी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, की आईला घेऊन ये एकदा, ओसरी मोठी आहे. वर्षभर अडलेली गाडी अशी एका खोट्या फेरीने मार्गाला लागली. पांजी तरंगतच फाटकापर्यंत आला.

तिथे त्याने मागे वळून पाहिलं. मार्सुदी अंधारायच्या आत पिंजरा खाली घेत होते. दोरी हळूहळू सोडायची, बस्स, एवढंच काम. पण अर्ध्यात ते थांबले, बांबूला धरून उभे राहिले आणि तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागले. पिंजरा वर लोंबकळत राहिला. पांजीला भीती वाटली. अ‍ॅपमधला मार्सुदी आठ किलोमीटर धावत होता आणि हा समोरचा मार्सुदी दोरी सोडून दमला होता, आणि दोघांतला खरा कोण हे ज्या मुलीला कळायला हवं होतं तिला सांगायचं तर आपलंही सगळं सांगावं लागणार होतं. तो परत गेला, पिंजरा खाली घेतला, आणि एवढंच म्हणाला, "उद्यापासून आपण खरंच चालू या का, बापाक? कालव्यापलीकडे सोतो चांगला मिळतो. तिथपर्यंत."

सोतोचं, त्या कोंबडीच्या गरम रश्श्याचं, नाव काढलं नसतं तर मार्सुदी हलले नसते.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. केलिकला सुट्टी दिली होती, मोबाइल स्वतःच्या खिशात होते, अ‍ॅप चालू होतं. पांजीला उगाचच पवित्र वाटत होतं. मार्सुदी दर विजेच्या खांबापाशी थांबत, कुणाचं कुंपण सरकारी जागेत किती आलंय ते दाखवत, मग पुढे निघत. दुकानात पोचून पहिला घोट घेतात तोवर दोघांचे मोबाइल एकदम वाजायला लागले.

निकेन घाबरीघुबरी झाली होती. दीड किलोमीटरला पाऊण तास? परवापर्यंत आठ किलोमीटर धावणाऱ्या माणसाला आज झालंय काय? "पांजी, त्यांच्या छातीत दुखतंय का? माझ्यापासून लपवू नकोस. मी निघतेच आहे." आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्या अ‍ॅपने तिला खरं सांगितलं होतं, आणि खरं ऐकून तिची पाचावर धारण बसली होती. मार्सुदींनी मोबाइल हातात घेऊन शांतपणे सांगितलं की पोट जरा बिघडलंय, उद्या बघ कसे धावतो आम्ही. मग त्यांनी सोतोत लिंबू पिळलं. पांजीची मात्र भूक गेली होती.

असं ठरलं. मोबाइल केलिकने न्यायचे आणि जोडीने धावायचं, म्हणजे पोर निश्चिंत. माणसांनी मोबाइलविना सोतोपर्यंत चालत जायचं, म्हणजे डॉक्टरही निश्चिंत. केलिकने परत येताना सोतोच्या दुकानापाशी थांबायचं, तिथे ज्याचा मोबाइल त्याला मिळेल. व्यवस्था इतकी नामी होती की दोघांनाही तिचं कौतुक वाटलं. अ‍ॅपवर पांजी आणि मार्सुदी रोज सोबत धावत होते, आणि रस्त्यावर पांजी आणि मार्सुदी रोज सोबत चालत होते. पहिलं निकेनला दिसत होतं आणि दुसरं कुणालाच दिसत नव्हतं.

आणि गंमत म्हणजे पांजीला चालणं आवडायला लागलं. हातात मोबाइल नाही, म्हणून कशाचा व्हिडिओ काढायचा नाही. मार्सुदी बोलायला लागले की बोलत राहत: कुठल्या दोन भावांनी वीतभर जमिनीसाठी बोलणं टाकलं, कुठली बाई मोजणीच्या दिवशी खांबाला मिठी मारून बसली. निकेन लहानपणी मोजणीच्या साखळीवर उड्या मारायची हेही त्याला तिथेच कळलं. खांबागणिक थांबणं कमी झालं. पांजी आता बुटांऐवजी रबरी चपला घालूनच येई, कारण बूट फोटोंसाठी स्वच्छ ठेवायचे होते. आपला बाप असता तर असाच असता, असं एकदा त्याच्या मनात आलं, आणि मागणीचा दिवस जवळ येतोय याचा त्याला फार आनंद झाला.

तो दिवस उजाडायच्या आधीच ती सकाळ आली. कालव्याच्या बांधावर धुकं होतं, माणूस नव्हता. मार्सुदी एका पुलाच्या कठड्याला टेकले आणि म्हणाले, "जरा बसतो." त्यांनी हनुवटीखाली हात धरला होता. कपाळावर घाम होता, आणि तो चालण्याचा घाम नव्हता. मग ते कठड्यावरून घसरले आणि गवतात आडवे झाले. डोळे उघडे होते. पांजीचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. दोघांचे मोबाइल त्या वेळी स्टेडियमला उत्तम वेगाने धावत होते.

त्याने हाका मारून पाहिल्या. कालव्यापलीकडून एक कुत्रं भुंकलं, एवढंच. आरोग्य केंद्र मोठ्या रस्त्याला होतं. मार्सुदींनी हाताने "जा" अशी खूण केली.

पांजी धावला. कसं धावतात ते त्याला माहीत नव्हतं, श्वास कधी घ्यायचा आणि हात कुठे ठेवायचे हेही माहीत नव्हतं. बांध संपायच्या आत त्याच्या कुशीत कळ आली. एक चप्पल चिखलात राहिली, ती घ्यायला तो थांबला नाही. पुढच्या खडीने तळवा फाटला. तो रडत होता, आणि रडणं आणि धावणं एकदम जमत नाही हेही त्याला त्या दिवशीच कळलं. आरोग्य केंद्राच्या दारात तो कोसळला तेव्हा परिचारिकेला आधी वाटलं की रुग्ण हाच. "पुलापाशी," एवढंच त्याला म्हणता आलं. पण गाडी निघाली, वेळेत पोचली, आणि मार्सुदींना मोठ्या इस्पितळात नेऊन थेट आतल्या खोलीत घेतलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं काहीतरी डॉक्टर जाता जाता म्हणाले आणि वाक्य पुरं न करता आत गेले.

इकडे केलिक सोतोच्या दुकानापाशी वाट बघत होता. दुकानवालीने त्याला सांगितलं, की तुझ्या म्हाताऱ्यांना गाडीतून नेलं. तो तसाच मोटरसायकलवर बसला आणि इस्पितळाकडे सुटला. अ‍ॅप बंद करायचं त्याला सुचलं नाही.

तो आवारात आला तेव्हा पट्ट्यातला पांजीचा मोबाइल वाजत होता. त्याने तो काढून पांजीच्या हातात दिला.

"काय चाललंय तुमचं?" निकेन हसत होती. "ताशी पन्नासच्या वेगाने धावताय दोघं. स्कूटरवर बसलात ना, लबाडांनो? ठिपका बघतेय मी इकडून."

हो, म्हणायचं. स्कूटरवर बसलो, सोतो खायला आलो. वाक्य तयार होऊन जिभेवर आलं होतं. अशी वाक्यं तयार करण्यातच त्याचं दीड वर्ष गेलं होतं. पांजीने बंद दाराकडे पाहिलं, आणि त्याला स्वतःची किळस आली.

"निकेन, मी कधीच धावलो नाही," तो म्हणाला. "बापाकसुद्धा नाही. पैसे घेऊन दुसरा एक जण धावतो, आमच्या दोघांसाठी. बापाक आत आहेत. पुन्हा हृदयाचं आहे."

"काहीतरी बोलू नकोस. आत्ता मघाशी आठ किलोमीटर झालेत त्यांचे."

"ते केलिकचे आहेत."

मग तिने कुठलं इस्पितळ ते विचारलं आणि फोन ठेवला. पांजीने अ‍ॅप बंद केलं. अ‍ॅपने त्या सकाळचं धावणं आजवरचं सर्वोत्तम म्हणून जाहीर केलं होतं आणि त्याला एक सोनेरी चषक दिला होता.

निकेन मिळेल ती गाडी पकडून आली. तिने केलिककडे पाहिलं नाही, पांजीकडेही नाही. मार्सुदींना दुसरी रिंग बसवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायची परवानगी मिळाली. पांजी दारातच उभा राहिला. आत यायचा हक्क आपल्याला उरलाय की नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि लंगडत बाहेर जावं तर पायही टेकवत नव्हता.

निकेनने वडिलांच्या उशाशी ठेवलेलं ते घड्याळ उचललं आणि पर्समध्ये टाकलं. मग इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून आलं. "रोज सकाळी मी त्या रेघेकडे बघून दिवस सुरू करायचे, बापाक. तुम्ही फसवलंत ते फसवलंत. पण हा बाहेर सगळ्यांना सांगतोय की तुमच्यासाठी हा बांधावरून आरोग्य केंद्रापर्यंत धावला. दीड वर्ष मी याचं धावणंच बघतेय. आता कशावरून खरं मानू?"

मार्सुदींच्या नाकात नळी होती. बोलायला त्यांना वेळ लागला.

"मी पाहिलं ना," ते म्हणाले. "आडवा पडलो होतो. बघायला दुसरं होतं काय?"

निकेनने पर्स बाजूला ठेवली.

"हात एकीकडे, पाय एकीकडे. एक चप्पल मागे टाकून गेला. पोरी, एवढं वाईट धावताना मी जन्मात कुणाला पाहिलं नाही. पैसे घेऊन असं कुणी धावून देणार नाही."

निकेनला हसू आलं की रडू, हे पांजीला दारातून नीट दिसलं नाही. तिने तोंडावरून हात फिरवला आणि वळून त्याच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं.

"उभा का आहेस?" ती म्हणाली. "बस."